दुसरा कॅमेरा

आदल्या दिवशी, मुहूर्ताच्याच वेळेला,
मी रामबागेतलं कार्यालय बघून येते.
सहा वाजून बावीस मिनिटं.
पश्चिमेच्या झरोक्यातून ऊन येतं,
बोहल्यापर्यंत पोचत नाही,
वाटेतच लाउडस्पीकरवर बसून राहतं.
हिरवं जाजम नको, मी मॅनेजरला सांगते,
हिरवा रंग खालून चेहऱ्यावर चढतो,
हळदीवर शेवाळ दिसतं.
"मॅडम, जाजम तो यही है."
ठीक. मग बोहल्यापुढे पांढरी चादर, माझ्या खर्चानं.

यादी पुराणिककाकांनी दिलीय,
रेघी कागद, एकशे अकरा नावं.
भोपाळची मावशी उज्जैनच्या मामींशेजारी उभी राहणार नाही,
कारण विचारू नये.
मोठ्या आत्यांचा फोटो उजवीकडूनच.
रुखवतातला साखरेचा राजवाडा वेगळा घ्यावा,
सातही मजले आले पाहिजेत.
आणि खाली लाल शाईनं, दोनदा अधोरेखित:
व्याही सर्वांत आधी.

गुरुजींशी बोलणं नाजूक असतं.
ते चहा बशीत ओतून निवायची वाट बघतात,
तेवढ्यात मी विषय काढते.
शेवटच्या सावधाननंतर अंतरपाट ओढाल ना,
तो जरा, म्हणजे अगदी जरासा, उशिरा.
दोघांचे डोळे वर येईपर्यंत.
"मुहूर्ताला जरा नसतं," गुरुजी म्हणतात,
"पळं असतात. एक पळ चोवीस सेकंदांचं."
एवढं नको हो.
"मग विपळं माग. किती?"
पाच.
बशी रिकामी होते.
"इतक्या लग्नांत विपळ मागणारी तू पहिली.
तीन देतो."

मामा उंच आहेत, नवरीच्या पाठीशीच असणार,
त्यांना सांगितलं, फोटोसाठी वाकू नका,
वाकलेला माणूस काहीतरी शोधतोय असं वाटतं.
मोबाइलवाल्या भाच्यांची एक रांग ठरवली,
ती कुणी पाळणार नाही.
ऋजुताला सांगितलं, अक्षता डोळ्यांत जातात, मिटू नकोस.
ती म्हणाली, मिटले तर मिटले.
हे मला आवडलं. यादीत लिहिलं नाही.

मग शैलाताई पोहे घेऊन आल्या,
वरून शेव, अर्धं लिंबू.
मी नकाशा पुढे केला:
तुम्ही कुठं उभ्या राहाल, इथं की खांबाजवळ?
"मी कुठं? मी नसते तेव्हा.
मुलीच्या आईनं मंगलाष्टकं लागताना बघायचं नसतं ना.
मी मागे, तुळशीला पाणी घालत."
घरचा पत्ता सांगावा, तसं सांगितलं त्यांनी,
आणि माझ्या बशीत आणखी पोहे वाढले.

मी मागे जाऊन बघितलं.
तुळस रंगाच्या जुन्या डब्यात.
डावीकडे जिलबीची कढई, उजवीकडे सिलिंडर, नऊ.
एक ट्यूबलाइट, विचार करून करून लागणारी.
तिथं मंगलाष्टकं ऐकू येतील,
भांड्यांच्या आवाजातून, तुकड्यातुकड्यानं.

माझ्या लग्नाच्या अल्बमात
अंतरपाटाचेच अकरा फोटो आहेत.
अक्षतांचे किती, मोजले नाहीत.
आई एकदम पंगतीत सापडते,
तूप वाढताना,
पदराचं टोक ओलं.
एकवीस वर्षं मला वाटत होतं,
वाढताना काही सांडलं असेल.

चेतनला म्हटलं, उद्या दुसरा कॅमेरा इथं.
"दीदी, उधर तो अँधेरा है."
हो. फ्लॅश मारायचा नाही.
सहा वीसपासून इथून हलायचं नाही,
आत कितीही टाळ्या वाजल्या तरी.

शैलाताईंना विचारलं, चालेल ना?
"अगोबाई, तिथं काय काढणार तुम्ही?
खरकटं, पिंपं, आचाऱ्यांची माणसं."
हसल्या, पोह्यांची बशी उचलली, गेल्या.

मी वायर गुंडाळत होते.
त्या दारातून परत आल्या,
आवाज जरा खाली घेऊन:
"मग साडी हिरवी नेसू, का मोतिया?"

मोतिया, मी म्हटलं.
सिलिंडर निळे आहेत.